खिडकीपलीकडची फाइल: अमेरिकेच्या स्पाउस व्हिसाच्या मुलाखतीत नेमकं काय तपासतात?

वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकन कॉन्सुलेटबाहेर सकाळी लागणाऱ्या रांगेत स्पाउस व्हिसावाली मंडळी लांबूनच ओळखू येतात. काखेत लग्नाचा जाडजूड अल्बम, हातात प्लास्टिकचं फोल्डर आणि रस्त्यापलीकडे उभे असलेले वडील. त्यांच्या खिशात दोन मोबाइल, एक स्वतःचा, एक मुलीचा, कारण आत फोन नेता येत नाही. मुलगी अल्बम सांभाळत आत जाते. बाहेर आल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "फोटो बघितले का गं?" आणि पुष्कळदा उत्तर असतं, "हातसुद्धा लावला नाही."

मग बघितलं काय?

या मुलाखतीची तयारी म्हणून लोक जे करतात आणि तिथे जे तपासलं जातं, त्यात बरंच अंतर आहे. लोक नवऱ्याची आवडती भाजी पाठ करतात, त्याच्या गाडीचा रंग विचारून ठेवतात. खिडकीपलीकडे बसलेल्या ऑफिसरसमोर मात्र तुम्हीच काही महिन्यांपूर्वी भरलेला अर्ज उघडा असतो. कागदावर लिहिलेली हकिगत आणि तुमच्या तोंडून येणारी हकिगत एकच आहे ना, एवढं त्यांना बघायचं असतं. म्हणून माझ्या मते या मुलाखतीची निम्म्याहून अधिक तयारी म्हणजे स्वतःची फाइल स्वतः, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणं. आश्चर्य वाटेल, पण हे करणारे फार थोडे असतात. अर्ज एजंटनं किंवा तिकडे बसलेल्या नवऱ्यानं भरलेला असतो आणि बायकोनं फक्त "सबमिट झालं" एवढाच मेसेज वाचलेला असतो.

आधी कोणत्या व्हिसाबद्दल बोलतोय ते नक्की करू. नवरा अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरीला असेल तर बायको एच-४ वर जाते. तो तात्पुरता व्हिसा, त्याचं प्रकरण निराळं. इथे विषय आहे तो जोडीदार अमेरिकन नागरिक असतो तेव्हाच्या कायमच्या, म्हणजे इमिग्रंट व्हिसाचा. जोडीदार ग्रीन कार्डधारक असेल तरी मुलाखत साधारण अशीच होते, फक्त तिथे वार्षिक कोटा असल्यामुळे आधी आपला नंबर लागावा लागतो. हा व्हिसा घेऊन तिकडे विमानतळावर प्रवेश मिळाला की माणूस त्या क्षणापासून तिथला कायम रहिवासी होतो. ग्रीन कार्ड मागाहून टपालानं घरी येतं.

यात दोन उपप्रकार आहेत, सीआर-१ आणि आयआर-१. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर सीआर-१, झाली असतील तर आयआर-१. सीआरवाल्यांना मिळणारं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं आणि सशर्त असतं. ही अट १९८६ च्या एका कायद्यातून आली. नुसत्या व्हिसासाठी कागदोपत्री लग्नं लावली जातात म्हणून तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, तो केला होता. त्यामुळे तुमचं लग्न कितीही थाटात झालेलं असलं तरी संशयाची एक बारीक रेघ कायद्यातच ओढलेली आहे, ती व्यक्तिशः तुमच्यावर नाही, हे मनाशी धरून आत गेलं की प्रश्न टोचत नाहीत.

फाइल खिडकीपर्यंत कशी पोचते? अमेरिकन जोडीदार तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे आय-१३० नावाचा अर्ज करतो. एप्रिल २०२४ मधल्या फीवाढीनंतर तो ऑनलाइन भरायला ६२५ डॉलर आणि कागदावर भरायला ६७५ डॉलर पडू लागले. तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे व्हिसा अर्जाचे ३२५ आणि आर्थिक हमीपत्राच्या छाननीचे १२० डॉलर भरायचे, डीएस-२६० हा लांबलचक अर्ज भरायचा, दाखले स्कॅन करून चढवायचे. सगळं नीट आहे असं त्यांना वाटलं की मुंबईच्या कॉन्सुलेटची तारीख मिळते. फीचे आकडे बदलत राहतात, भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर बघूनच भरा.

(ज्यांच्या घरात मागच्या पिढीत कोणी अमेरिकेला गेलंय त्यांना ही रांग ब्रीच कँडीला आठवत असेल. समुद्राकाठचं लिंकन हाउस, मूळचा वांकानेरच्या महाराजांचा बंगला. कॉन्सुलेट तिथून २०११ मध्ये बीकेसीत आलं. समुद्र गेला, रांग राहिली.)

आता मुख्य मुद्दा. तुमचं नातं खरं आहे, असं यूएससीआयएसनं आय-१३० मंजूर करताना एकदा मानलेलं असतं. मग कॉन्सुलेट पुन्हा का विचारतं? कारण ती मंजुरी कागद बघून दिलेली असते, आणि बहुतेक वेळा तोवर भारतातल्या जोडीदाराला कोणी समोर बसवून एक प्रश्नही विचारलेला नसतो. कॉन्सुलेटचा ऑफिसर ती मंजुरी स्वतः रद्द करू शकत नाही. पण मुलाखतीत काही नवं आणि गंभीर समोर आलं, तर फाइल कारणांसह यूएससीआयएसकडे परत पाठवू शकतो. ती परत गेली की पुढचे कित्येक महिने कोणाच्याच हातात काही नसतं.

आणि "खरं लग्न" म्हणजे काय? यावर १९५३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजलेला एक खटला आहे, लुटवाक विरुद्ध युनायटेड स्टेट्स. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी बायकांना अमेरिकेत आणण्याची सवलत माजी सैनिकांना मिळाली होती. तिचा फायदा घेऊन काही जणांनी पॅरिसमध्ये लग्नं लावली, पण एकत्र राहायचा कोणाचाच विचार नव्हता. लग्न कायद्यानं वैध होतं की नाही, हा वाद बाजूला ठेवून न्यायालयानं म्हटलं की एकत्र संसार करण्याचा इरादाच नसेल तर हा कट आहे. तीच फूटपट्टी पुढे चालत आली. लग्न करताना दोघांना एकत्र आयुष्य काढायचं होतं का, एवढाच प्रश्न आहे. प्रेम किती, पत्रिका किती गुणांनी जुळली, लग्नात किती पंगती उठल्या, हे सगळं त्या एका प्रश्नाचा पुरावा म्हणून कामाचं, एरवी नाही.

म्हणून "आमचं अरेंज्ड मॅरेज, दोनदाच भेटलो आणि ठरलं, त्यांना पटेल का?" ही भीती अनाठायी आहे. मुंबईच्या खिडकीवर कांदेपोहे काही नवीन नाहीत. वधू-वर सूचक मंडळातून स्थळ आलं, व्हिडिओ कॉलवर चार वेळा बोलले, मुलगा दिवाळीत तीन आठवड्यांची रजा टाकून आला, साखरपुडा आणि लग्न त्याच रजेत उरकलं, ही त्यांच्यासाठी रोजची हकिगत आहे. ऑफिसर थबकतात ते वेगळ्या ठिकाणी. तुमच्याच समाजाची रीत जिथे मोडलेली दिसते आणि ती का मोडली हे कोणी सांगत नाही, तिथे. एकुलत्या एका मुलीचं लग्न, आणि फोटोत आईवडीलच नाहीत. वयात अठरा वर्षांचं अंतर. पहिलं लग्न मोडून महिना झाला नाही तोच दुसरं. यातलं काहीही गुन्हा नाही. आंतरजातीय लग्न असेल, घरच्यांनी बोलणं टाकलं असेल, आजोबा अतिदक्षता विभागात होते म्हणून देवळात दहा माणसांत उरकलं असेल. कारण सरळ सांगितलं की प्रश्न तिथेच संपतो. लपवलं की वाढतो. दुर्दैवानं आपल्याकडे "बाहेरच्यांना कशाला सांगायचं" हे इतकं अंगात मुरलंय की घरचा वाद झाकायला मुलगी सांगून मोकळी होते, "आई आजारी होती," आणि पुढच्या प्रश्नात अडकते.

मराठी घरांतली सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळीच आहे, दोन लग्नांची. म्हणजे नवरे दोन नव्हेत, तारखा दोन. व्हिसाची प्रक्रिया लवकर सुरू व्हावी म्हणून पुष्कळ जोडपी आधी नोंदणी पद्धतीनं लग्न करतात, म्हणजे आपल्या भाषेत "कोर्ट मॅरेज", आणि सहा-आठ महिन्यांनी हॉल मिळाला की विधिवत लग्न. घरात कोणीच पहिल्याला लग्न मानत नाही. मुलगी माहेरीच राहते, मंगळसूत्रही नंतरच. मुलाखतीत ऑफिसर विचारतात, "लग्न कधी झालं?" मुलगी सांगते डिसेंबर. पडद्यावर तारीख असते एप्रिलची. दोन्ही खरं आहे, पण ऐकणाऱ्याला तसं दिसत नाही. उत्तर एका दमात द्या: एप्रिलमध्ये विवाह नोंदणी कार्यालयात लग्न झालं, तेच कायद्यानं आमचं लग्न, डिसेंबरमध्ये सांगलीला धार्मिक विधी झाले. हेच अर्जातही तसंच लिहिलेलं असायला हवं. आणि कोणी नुसतं व्हिडिओ कॉलवर लग्न लावलं असेल, तर एक लक्षात ठेवा: दोघं एकमेकांसमोर हजर नसताना झालेलं लग्न अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा, त्यानंतर नवराबायको म्हणून एकत्र आल्याशिवाय, मानत नाही.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं. काही घरांत अजूनही ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं पहिलं नावही गिरवतात. त्या क्षणी सगळे टाळ्या वाजवतात. कागदांना मात्र ते कळत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मधे, आधारवर नवऱ्याचं, पासपोर्ट जुनाच, बँकेत तिसरंच स्पेलिंग. "देशपांडे" हे आडनाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिता येतं, हे फाइल तयार करताना कळतं. सगळे कागद एकसारखे करायच्या मागे लागू नका, ते होत नाही. लागतं ते दोन नावांना जोडणारं काहीतरी: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी. आणि डीएस-२६० मध्ये "याआधी वापरलेली नावं" असा रकाना असतो, त्यात माहेरचं नाव न विसरता लिहिणं. लग्नात गिरवलेलं नाव फक्त सासरच्या माणसांच्या तोंडी असेल आणि कुठल्याच कागदावर नसेल, तरी तेही लिहा, कारण लग्नपत्रिकेवर किंवा फोटोतल्या कमानीवर ते छापलेलं असतं.

जन्मदाखला हा तिसरा खड्डा. जन्माची नोंद झाली तेव्हा बाळाचं बारसं व्हायचं होतं, म्हणून दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना रिकामा, अशी उदाहरणं खेड्यांत आणि शहरांतही खूप. ज्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद आहे तिथे नाव चढवून घेता येतं. नोंदच नसेल तर तिथूनच अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, जवळच्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. दाखल्यावर आई आणि वडील दोघांची नावं हवीत. फक्त मराठीत असलेल्या कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. हे काम तारीख मिळाल्यावर करू म्हणाल तर फसाल. तालुक्याच्या ठिकाणचं कार्यालय तुमच्या मुलाखतीच्या तारखेशी बांधील नसतं.

दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालेलं असेल तर न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा हवा. स्टॅम्पपेपरवर पंचांच्या सह्यांनी झालेल्या काडीमोडावर विसंबून दुसरं लग्न केलं असेल, तर ही फाइल स्वतः हाताळू नका, वकील गाठा.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. दुबईत किंवा सिंगापूरला वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर तिथलंही लागतं. वैद्यकीय तपासणी कॉन्सुलेटनं नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच करायची, तुमच्या ओळखीच्या एमडींचं सर्टिफिकेट चालत नाही. लसी झाल्यात का ते बघतात, क्षयासाठी छातीचा एक्स-रे काढतात. लहानपणच्या लसींचं कार्ड सापडलं तर घेऊन जा, दोन-चार सुया वाचतील.

पैशांचा भाग थोडा थांबून समजून घेण्यासारखा आहे, कारण नाकारण्याचं ते नेहमीचं कारण आहे आणि त्याचा तुमच्या प्रेमाशी संबंध नाही. अमेरिकन जोडीदाराला आय-८६४ हे हमीपत्र द्यावं लागतं. त्याचं उत्पन्न तिथल्या सरकारनं ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांच्या कुटुंबासाठी हा आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. आयटीतल्या नवऱ्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण माणसं मोजायची पद्धत बघा: तो स्वतः, तुम्ही, त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं, आणि त्यानं याआधी अशाच हमीपत्रावर आणलेले आईवडीलसुद्धा. दोनाचे चार होतात आणि आकडा वर सरकतो. उत्पन्न कमी पडलं तर तिथला कोणीही प्रौढ नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो, नात्यातलाच हवा असं नाही.

सहहमीदार शोधताना त्या माणसाला कागद नीट वाचायला द्या. ही सही साखरपुड्यातल्या साक्षीदाराची नव्हे. तुम्ही अमेरिकन नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाचे चाळीस तिमाही हिशेब पूर्ण होईपर्यंत ती जबाबदारी राहते. घटस्फोट झाला तरी ती संपत नाही. हे ऐकून मामेभाऊ मागे सरला तर रागावू नका, त्यानं कागद वाचलाय.

आणि नागरिक जोडीदार सध्या पुण्यातच तुमच्यासोबत राहत असेल, तर त्याचं बस्तान अमेरिकेत आहे किंवा तो परत तिथे बसवतोय, हे दाखवावं लागतं. तिथलं बँक खातं, घर बघतोय त्याचे ईमेल, नोकरीचं पत्र, मुलांच्या शाळेची चौकशी. "व्हिसा मिळाला की बघू" हे उत्तर इथे चालत नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. मुलाखतीच्या आधी व्हिसा अर्ज केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात, ती वेगळी खेप. मुलाखतीच्या दिवशी फोन, लॅपटॉप, मोठी बॅग काही नाही. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला यावं. पुण्याहून पहाटेची गाडी पकडून वेळेवर पोचू हा हिशेब द्रुतगती मार्गावर एक ट्रक आडवा झाला की कोलमडतो. आत दोन टप्पे असतात. आधी एका खिडकीवर कर्मचारी मूळ कागद तपासतात, काही ठेवून घेतात. मग बसायचं, नंबर आला की ऑफिसरच्या खिडकीवर उभं राहायचं. मध्ये काच, बोलायला माइक. उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घ्यायला सांगतात. ही औपचारिकता नाही. इथे जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती पुढे कायमची बंदी ओढवू शकते, आणि नुसत्या व्हिसासाठी लग्न केल्याचं ठरलं तर त्या माणसासाठी पुढे कोणीही कुटुंबीय अर्ज मंजूर करून घेऊ शकत नाही.

भाषेची काळजी करू नका. या व्हिसाला इंग्रजीची अट नाही आणि मराठीत मुलाखत मागता येते. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांना इंग्रजीत विचार करायची सवय नाही त्यांनी मराठीच मागावी. "लोक काय म्हणतील, एमए झालीस ना" हा विचार घरी ठेवून यावा. घाबरलेल्या माणसाचं इंग्रजी आधी काळ चुकतं. "तो येतो" आणि "तो आला होता" यात फरक पडला की नवऱ्याच्या भारतभेटींचा हिशेबच बदलतो. मराठीतही एक सावधगिरी हवी: "हे" आणि "ते" म्हणून नवऱ्याचा उल्लेख केला की दुभाष्यालाही कळत नाही नवरा की सासरे. नाव घ्या. उखाणा नको, सरळ नाव.

प्रश्न साधे असतात. अर्ज कोणी केला? ओळख कशी झाली? लग्नाआधी किती वेळा भेटलात? लग्न कुठे, कोण कोण आलं होतं? लग्नानंतर तो किती वेळा आला? काय काम करतो, कुठल्या गावात राहतो, घरात आणखी कोण आहे? त्याचं किंवा तुमचं आधी लग्न झालं होतं? याआधी अमेरिकेचा व्हिसा मागितला होता? या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण घसरतात. सहा वर्षांपूर्वी बहिणीकडे जायला टूरिस्ट व्हिसा मागितला होता, नाकारला गेला, आपण विसरलो. ते विसरलेले नाहीत. डीएस-२६० मध्ये तो रकाना आहे, सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारलेले आहेत, गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारलेली आहेत. होस्टेलचा पत्ता राहून गेला असेल तर आधीच सांगा, खिडकीवर दुरुस्ती करता येते.

उत्तर विचारलं तेवढंच द्यायचं. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं. नवऱ्याचा पगार नेमका माहीत नसणं हे संशयास्पद नाही, आपल्याकडे वीस वर्षं संसार केलेल्या बायकांनाही तो माहीत नसतो. पण तो नेमकं काय काम करतो याचा पत्ताच नसेल तर प्रश्न उभा राहतो. एजंटनं पाठ करून घेतलेलं उत्तर मात्र लगेच ओळखू येतं, कारण ते प्रश्न संपायच्या आधी सुरू होतं. बहुतेक मुलाखती काही मिनिटांत संपतात. वेळ कमी लागला म्हणजे वाईट झालं, असं काही नाही.

फोटोंबद्दल शेवटचं. पाच किलोचा अल्बम न्यायला मनाई नाही, पण पंधरा-वीस सुटे फोटो, मागे तारीख, ठिकाण आणि माणसांची नावं लिहून नेलेत तर मागितल्यावर चटकन पुढे करता येतील. त्यात मुंडावळ्यांतले दोन पुरेत. नवरा नंतर आला तेव्हाचे, गणपतीत दोन्ही घरची माणसं जमलेली, महाबळेश्वरला पावसात भिजलेले, असे साधे फोटो जास्त बोलतात. त्याच्या प्रवासाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, दोघांमधल्या संभाषणाची थोडी पानं. संपूर्ण चॅट छापून आणणारेही असतात. ते कोणी वाचत नाही, आणि वाचलंच तर तुम्हालाच लाजायला होईल.

निकाल बहुधा तिथेच कळतो. पासपोर्ट ठेवून घेतला आणि मंजूर झाल्याचं सांगितलं तर काम झालं. कधी एक रंगीत कागद हातात देतात, त्यावर २२१(जी) लिहिलेलं असतं. या कलमाचा कायदेशीर अर्थ "सध्या नाकारलं" असा आहे, म्हणून संकेतस्थळावर स्थिती बघितली की "रिफ्यूज्ड" दिसतं आणि घरात रडारड सुरू होते. प्रत्यक्षात दोनच शक्यता असतात: एखादा कागद कमी आहे, तो द्या, किंवा आणखी पडताळणी चालू आहे, थांबा. कागद मागितला असेल तर तो एक वर्षाच्या आत द्यावा लागतो, नाहीतर अर्ज आणि फी पुन्हा. पडताळणीला ठरलेली मुदत नाही. या काळात नोकरीचा राजीनामा देऊ नका, तिकीट काढू नका.

कायमचा नकार आला तर? इथे आपल्या "कोर्टात जाऊ" या सवयीला फारसा वाव नाही. कॉन्सुलेटचा निर्णय अमेरिकेतली न्यायालयं क्वचितच तपासतात. लॉस एंजेलिसमधल्या सँड्रा मुन्योझ या नागरिक असलेल्या वकील बाईंच्या एल साल्वाडोरच्या नवऱ्याला २०१५ मध्ये तिथल्या कॉन्सुलेटनं व्हिसा नाकारला. त्याच्या अंगावरचं गोंदण बघून टोळीशी संबंध असावा, असा संशय होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला: परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, असा अमेरिकन नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. म्हणून पूर्वी अमेरिकेत मुदतीपेक्षा जास्त राहणं, जुना गुन्हा, आधीच्या अर्जात दिलेली चुकीची माहिती असं काही पोटात असेल, तर ते मुलाखतीच्या आधीच इमिग्रेशन वकिलाला सांगावं. काही अडथळ्यांवर माफीचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी आधी ते कबूल करावं लागतं.

व्हिसा हातात आला की त्यावरची शेवटची तारीख बघा. तो साधारण सहा महिन्यांपर्यंत चालतो, वैद्यकीय तपासणी जुनी झाली असेल तर त्याहून कमी. त्या आत अमेरिकेत शिरायला हवं. निघण्याआधी यूएससीआयएसची इमिग्रंट फी ऑनलाइन भरून टाका, नाहीतर ग्रीन कार्ड छापलं जात नाही. आणि लग्नाला दोन वर्षं व्हायला आठ-दहा दिवसच कमी असतील तर तिकीट तेवढं पुढे ढकलून बघा. व्हिसावर सीआर-१ छापलेलं असलं तरी लग्नाचा दुसरा वाढदिवस उलटल्यावर पोचलात, तर विमानतळावरच्या ऑफिसरला लग्नाचा दाखला दाखवून आयआर-१ करून मागता येतं. ते जमलं नाही आणि दोन वर्षांचं कार्ड मिळालं, तर त्याची मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अट काढून घेण्याचा अर्ज भरायचा असतो. त्या वेळी कोणी लग्नाचे फोटो विचारत नाही. दोघांच्या नावचा भाडेकरार, एकत्र भरलेला कर, विजेचं बिल मागतात. म्हणून तिकडे उतरल्यावर पहिल्या महिन्यात घराच्या भाडेकरारावर आणि बँक खात्यावर दुसरं नाव चढवून घ्या.